बोलता बोलता चॅनेल बदललं

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुइस शहरात, मोटारीतून फोन करण्याची पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली. सेवा साउथवेस्टर्न बेल कंपनीची, तंत्र बेल लॅब्जच्या इंजिनिअरांचं. मोटारीत बसवायचा संच ८० पौंडांचा, म्हणजे जवळपास ३६ किलोंचा. भाडं महिना १५ डॉलर, शिवाय प्रत्येक स्थानिक कॉलला ३० ते ४० सेंट. तरीही गिऱ्हाइकं मिळाली. ट्रक चालवणाऱ्या कंपन्या, वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्था, बातमीदार अशा लोकांना रस्त्यावरून बोलता येण्याचं मोल पक्कं ठाऊक होतं. दोनेक वर्षांत ही सेवा सुमारे १०० शहरांत पोचली आणि ग्राहक ५,००० झाले.

त्यापुढे मात्र गाडी अडली. अडचण पैशाची नव्हती, हवेतल्या दाटीची होती. सेंट लुइसमध्ये १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा चॅनेल ठरली होती. पण त्या काळच्या रेडिओंना लगतच्या दोन चॅनेलांत नीट भेद करता येईना. एकावरचं बोलणं दुसऱ्यावर सांडायचं. शेवटी तीन चॅनेल सोडून द्यावी लागली आणि उरलेल्या तिनांवर काम चालवावं लागलं. म्हणजे अख्ख्या शहरात एका वेळी तीन संभाषणं. चौथ्याने वाट पाहायची.

वाट पाहण्याची रीतही हातची होती. या पद्धतीत रिसीव्हर उचलून आधी कान द्यावा लागे. कुणी बोलत असेल तर दुसरं चॅनेल लावून पाहायचं, तिथेही कुणी असेल तर थांबायचं. मोकळं सापडलं की ऑपरेटर बाई येई, नंबर विचारी आणि जोडून देई. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. चॅनेल शोधणारा माणूस, जोडणारा माणूस, आणि एकदा जोडलं की ते चॅनेल कॉल संपेपर्यंत त्या माणसाचं. गाडी शहराबाहेर गेली, खरखर वाढली, तरी त्याला दुसरीकडे हलवणारं कुणी नव्हतं. कॉल ज्या चॅनेलवर जन्मला, त्याच चॅनेलवर मरायचा.

मोबाइल फोनचा इतिहास सांगताना आपण हँडसेटचं कौतुक करतो: तो किती मोठा होता, किती छोटा झाला. पण हा इतिहास खरा पुढे सरकला तो कॉल आणि चॅनेल यांच्यातली ही जन्मगाठ सुटत गेली तेव्हा. आणि ती सोडवण्याचा निर्णय दर वेळी नव्या हातात गेला.

पहिली गाठ कागदावर सुटली. ११ डिसेंबर १९४७ रोजी बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. डब्ल्यू. रे यंग या सहकाऱ्याची कल्पना त्यात गुंफलेली होती. तोवरची पद्धत अशी की शहरातल्या सगळ्यांत उंच इमारतीवर २५० वॉटचा ट्रान्समीटर बसवायचा आणि त्याने सारा परिसर व्यापायचा. त्यामुळे एक चॅनेल एका कॉलने घेतलं की दूरदूरपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नसे. टिपणात याच्या अगदी उलट मांडणी होती. शहराचे षटकोनी तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा छोटा ट्रान्समीटर ठेवा. लगतच्या तुकड्यांना वेगवेगळी चॅनेल द्या आणि पुरेसं अंतर पडलं की तीच चॅनेल पुन्हा वापरा. मूठभर चॅनेलांवर हजारो कॉल चालू शकतील.

कागदावर हे सुंदर होतं. घोडं अडलं होतं ते मोटारीच्या चाकांपाशी. तुकडा लहान केला की गाडी काही मिनिटांत तो ओलांडणार. संभाषण मात्र चालूच असणार. मग चालू संभाषण एका चॅनेलवरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचं कसं, आणि तेही बोलणाऱ्याला न कळता? हे करायला प्रत्येक गाडीचा सिग्नल सतत मोजणारं, तुलना करणारं आणि क्षणात निर्णय घेणारं यंत्र हवं. १९४७ सालच्या टेलिफोन एक्स्चेंजात खटखटणारे रिले आणि निर्वात नळ्या होत्या. योगायोग असा की त्याच बेल लॅब्जमध्ये टिपणानंतर पाचच दिवसांनी, १६ डिसेंबरला, पहिला ट्रान्झिस्टर चालला. प्रश्न आणि उत्तराचं बी एकाच महिन्यात, एकाच संस्थेत पडलं. पीक यायला तीन दशकं लागली.

तंत्राइतकाच उशीर सरकारी टेबलावरही झाला. रेडिओ लहरींचं वाटप करणाऱ्या अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने वरच्या वारंवारतांचा मोठा पट्टा टेलिव्हिजनला दिला होता. १९५८ साली बेलने ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास जागा मागितली. आयोगाने विषय पुन्हा गांभीर्याने हाती घेतला तो १९६८ मध्ये. १९७० साली टीव्हीच्या ७० ते ८३ क्रमांकाच्या चॅनेलांची जागा मोबाइल सेवांकडे वळवायचं ठरलं. त्या क्रमांकांवर फारशी स्टेशनं नव्हतीच.

मधल्या काळात एक छोटी, पण चतुर सुधारणा झाली. १९६४ पासून आलेल्या नव्या मोटार-फोनमध्ये चॅनेल शोधण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं. तळ-स्टेशन एका मोकळ्या चॅनेलवर बारीक सूर सोडून ठेवी. शहरातले सगळे रिकामे फोन चॅनेल चाळत चाळत त्या सुरावर येऊन थांबत. कुणी कॉल लावला की ते चॅनेल त्याचं होई, सूर पुढच्या मोकळ्या चॅनेलवर सरके आणि बाकीचे सगळे फोन पुन्हा चाळत त्याच्या मागे जात. ऑपरेटर बाईची गरज संपली, बटण दाबून बोलणंही संपलं. पण यंत्राची हुशारी कॉल लागेपर्यंतच. एकदा लागला की गाठ तशीच. म्हणूनच १९७६ सालीसुद्धा न्यू यॉर्कसारख्या महानगरात बेलचे मोबाइल ग्राहक साडेपाचशेच्या घरात होते आणि प्रतीक्षायादी होती ३,७०० जणांची. भारतात साध्या काळ्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल. फक्त इथे टंचाई तारांची होती आणि तिथे हवेची.

चालू कॉल सरकवण्याचा पहिला व्यावसायिक प्रयोग मोटारीत झालाच नाही, आगगाडीत झाला. जानेवारी १९६९ मध्ये न्यू यॉर्क ते वॉशिंग्टन धावणाऱ्या मेट्रोलायनर या वेगवान गाडीत पैसे टाकून बोलायचे फोन बसवले गेले. २२५ मैलांचा मार्ग नऊ टापूंत विभागला होता आणि साऱ्या मार्गाला मिळून ४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली फक्त सहा चॅनेल होती. तीच चॅनेल दूरच्या टापूंत पुन्हा वापरली जात. गाडीने टापू ओलांडला की फिलाडेल्फियातल्या संगणकीय नियंत्रण केंद्रातून चालू कॉल पुढच्या टापूच्या चॅनेलवर नेला जाई. बाकावर बसलेला प्रवासी बोलतच राही.

आगगाडीची निवड शहाणपणाची होती. रुळांवरून जाणारी गाडी कुठून कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं. मोटार कुठल्या चौकात कुठे वळेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. म्हणून रुळांवर जमलेली युक्ती रस्त्यावर आणायला आणखी एका माणसाची गरज पडली: एमस जोएल. १९१८ साली जन्मलेले जोएल रेडिओवाले नव्हतेच. त्यांची हयात टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडण्या करण्यात गेलेली. त्यांनी प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. फोन नवीन चॅनेलवर गेला, तर त्याच क्षणी एक्स्चेंजमधली तारही जुन्या तळ-स्टेशनावरून सुटून नव्याला जोडली गेली पाहिजे. नाहीतर हवेतली अर्धी जोडणी एकीकडे आणि जमिनीवरची अर्धी दुसरीकडे राहील. २१ डिसेंबर १९७० रोजी त्यांनी अर्ज केला आणि १६ मे १९७२ रोजी ३६,६३,७६२ क्रमांकाचं पेटंट मिळालं. कॉल कुठल्याही सेलमधून, म्हणजे शहराच्या अशा एका तुकड्यातून, कुठल्याही सेलमध्ये नेता येईल, अशी ती जोडणी होती.

त्याच सुमारास, डिसेंबर १९७१ मध्ये, बेलने आयोगापुढे संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा ठेवला. जोएल एंगल, रिचर्ड फ्रेंकिएल आणि फिलिप पोर्टर ही त्यामागची माणसं. टॉवर षटकोनाच्या मध्यावर न ठेवता कोपऱ्यावर ठेवा आणि एका दिशेने रोखलेले अँटेना लावा, ही पोर्टर यांची सूचना. त्यामुळे एका टॉवरवरून तीन बाजूंचे सेल सांभाळता येतात आणि मागच्या बाजूला होणारा उपद्रव कमी होतो. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यू यॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवरून हातातल्या फोनवर ज्या प्रतिस्पर्ध्याला डिवचलं, ते हेच जोएल एंगल. जगाच्या लक्षात तो कॉल राहिला. एंगल यांच्या चमूचं काम कॉलमध्ये ऐकू येण्यासारखं नव्हतंच. ते ऐकू न येण्यातच त्याचं यश होतं.

हे यश प्रत्यक्षात कसं मिळायचं ते जवळून पाहण्यासारखं आहे. शिकागोत १९७८ साली दहा सेलची चाचणी सुरू झाली. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. शहरात ती इमारतींवर आपटून अनेक वाटांनी गाडीपर्यंत येते आणि या वाटा एकमेकींत मिसळून कधी बळ देतात, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. परिणाम असा की गाडी वीतभर पुढे सरकली तरी सिग्नल कोसळतो आणि पुन्हा उसळतो. एका क्षणाच्या मोजमापावर चॅनेल बदलायला गेलं तर फोन नुसता नाचत राहील. म्हणून तळ-स्टेशन सरासरी काढी. ती ठरावीक पातळीखाली गेली की आजूबाजूच्या सेलमधले रिसीव्हर त्याच गाडीचा आवाज मोजत आणि ज्याला ती सगळ्यांत स्पष्ट ऐकू येई, त्याच्याकडे कॉल सोपवायचा असं मध्यवर्ती एक्स्चेंज ठरवी.

आता हा हुकूम गाडीतल्या फोनला कळवायचा कसा? स्वतंत्र वाट नव्हती, कारण फोन बोलण्यात गुंतलेला. मग बोलण्याच्याच चॅनेलवर आवाज क्षणभर बंद करून त्या फटीत संदेश कोंबला जाई: अमुक चॅनेलवर जा. सिग्नल त्याच क्षणी कोसळला तर संदेश वाया जायचा, म्हणून तोच संदेश लागोपाठ अकरा वेळा पाठवत. फोन नव्या चॅनेलवर जाई आणि बोलणं पुढे सुरू होई. माणसाला ऐकू आली तर बारीकशी टिचकी. त्या काळात मोटारीतून फॅक्स वा मोडेम चालवू पाहणाऱ्यांना मात्र ही फट चांगलीच जाणवे.

आणखी एक खोच होती. दोन दूरच्या सेलमध्ये तेच चॅनेल वापरलं, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाण्याची भीती. आपण ज्याला क्रॉस कनेक्शन म्हणतो तेच, पण बिनतारी. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कॉलच्या पाठीमागे, माणसाला ऐकू जाणार नाही असा गाळून टाकलेला एक सूर सतत वाजत राही. सूर तीन: ५,९७०, ६,००० आणि ६,०३० हर्ट्झचे. तेच चॅनेल वापरणाऱ्या जवळच्या सेलना वेगवेगळे सूर दिलेले. तळ-स्टेशनाने सोडलेला सूर फोन जसाच्या तसा परत पाठवी. भलताच सूर आला की ओळखायचं, हा परका. फोन आवाज लगेच बंद करी, म्हणजे परक्याचं बोलणं कानी पडत नसे. काही सेकंदांत आपला सूर परतला नाही तर कॉल सोडून दिला जाई.

टोकियोत १९७९ मध्ये आणि उत्तर युरोपात १९८१ मध्ये अशा सेवा सुरूही झाल्या, तरी अमेरिकेत परवानग्यांचा घोळ चालूच होता. अखेर १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोतल्या सोल्जर फील्ड मैदानावरून अमेरिटेक मोबाइलचे अध्यक्ष बॉब बार्नेट यांनी मोटारीत बसून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या जर्मनीतल्या एका वंशजाला फोन लावला. ४० मेगाहर्ट्झमध्ये ६६६ चॅनेल होती. दोन कंपन्यांत वाटणी होऊन प्रत्येकीला ३३३ आली. त्यांतली २१ कॉल जुळवण्यासाठी राखीव, उरलेल्या ३१२ वर बोलणं. सात सेलच्या गटात ती वाटली की एका सेलच्या वाट्याला जेमतेम ४५. तरीही शहरभर तीच चॅनेल पुन्हापुन्हा वापरता येत असल्याने पूर्वीसारखी मूठभर कॉलांची सीमा उरली नाही.

कॉल आणि चॅनेल यांची गाठ सुटली, पण निर्णय अजून एक्स्चेंजकडेच होता. फोन बिचारा सांगेल तिकडे जाणारा. पुढचा टप्पा हा आज्ञाधारकपणा सैल होण्याचा. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी टाम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना जीएसएम जाळ्यावरचा पहिला कॉल केला. जीएसएम डिजिटल होतं आणि एका चॅनेलवर आठ जणांना पाळीपाळीने बोलायला देई. प्रत्येक फोनची पाळी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही लहान. उरलेल्या वेळात त्याला काम नसे, म्हणून त्याला नवं काम दिलं: शेजारच्या टॉवरांचे सिग्नल मोज आणि दर अर्ध्या सेकंदाला, नेमकं सांगायचं तर ४८० मिलिसेकंदांनी, सहा शेजाऱ्यांचा अहवाल पाठव. निर्णय जाळ्याचा, पण आता तो फोनच्या कानाने ऐकून घेतलेला.

त्यामुळे एक वेगळाच निवाडा शक्य झाला. सिग्नलची ताकद चांगली आहे, पण बोलण्यात चुका भरपूर आहेत, असं अहवालात दिसलं तर त्याचा अर्थ टॉवर दूर गेला असा नाही. त्या चॅनेलवर दुसरं कुणीतरी घुसलं आहे. मग फोनला त्याच टॉवरच्या दुसऱ्या चॅनेलवर हलवायचं. गाडी उभी असली तरीसुद्धा. चॅनेल बदलण्याचा आणि माणसाच्या हालचालीचा संबंध इथे तुटला. त्याही पुढे जाऊन जीएसएममध्ये फोनला सेकंदाला २१७ वेळा वारंवारता बदलायला लावण्याची सोय होती. एखादी वारंवारता खराब असली तरी तिथे क्षणभरच थांबायचं. तेवढ्यात हरवलेला तुकडा पुढच्यामागच्या तुकड्यांवरून भरून काढता येतो. उपद्रव तेवढाच राहिला, पण तो सगळ्यांत वाटला गेला आणि कुणा एकाच्या कानात बसला नाही.

याच काळात घराघरांतल्या कॉर्डलेस फोनमध्ये तिसरी वाट निघत होती. अमेरिकेत ऐंशीच्या दशकातले कॉर्डलेस ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झवर चालत. चॅनेल होती दहा. शेजारच्या घरातलं भांडण आपल्या रिसीव्हरमध्ये ऐकू येणं नित्याचं. मग फोनवर चॅनेल बदलायचं बटण आलं. खरखर झाली की दाबायचं. युरोपने १९९२ साली ठरवलेल्या डेक्ट मानकात हे बटण फोनच्या पोटात गेलं. १,८८० ते १,९०० मेगाहर्ट्झमध्ये दहा वारंवारता आणि प्रत्येकीत बारा संभाषणांच्या जागा, म्हणजे एकूण १२०. हँडसेट त्या सतत चाळत राही आणि सगळ्यांत शांत जागा स्वतःच निवडी. चालू कॉलमध्ये खरखर सुरू झालीच तर आधी नवी जोडणी उभी करी आणि मगच जुनी सोडी. इथे कुठलंही मध्यवर्ती एक्स्चेंज ठरवत नव्हतं. निर्णय पूर्णपणे फोनचा.

भारतात या गुणाचा उपयोग झाला तो मद्रास आयआयटीत. प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने मायडास या कंपनीच्या साथीने नव्वदच्या दशकात डेक्टवर आधारलेली कॉरडेक्ट ही प्रणाली तयार केली. घराच्या छतावर अँटेना, भिंतीवर छोटा संच, आणि तारा न ओढता दहा किलोमीटरपर्यंत फोन, शिवाय संथ का होईना इंटरनेट. फोन आपापली जागा स्वतः निवडत असल्यामुळे कुठल्या टॉवरला कुठली चॅनेल द्यायची याचं किचकट नियोजन करावं लागत नव्हतं. गावोगाव तज्ज्ञ पाठवणं परवडण्यासारखं नव्हतं, त्यामुळे ही बचत मोठी होती.

मग प्रश्नच मोडीत काढणारं तंत्र आलं. सीडीएमएमध्ये सगळे फोन एकाच रुंद पट्ट्यात एकदमच बोलतात आणि प्रत्येकाचं बोलणं संकेताने वेगळं काढलं जातं. सीमेवर असलेला फोन दोन टॉवरांशी एकाच वेळी जोडलेला राहू शकतो. चॅनेल सोडायचंच नाही. आपल्याकडे डिसेंबर २००२ मध्ये नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने हे तंत्र घरोघरी नेलं. पण तो शेवट ठरला नाही. फोर-जीमध्ये पुन्हा एक जोडणी सोडून दुसरी धरण्याची जुनी रीत परतली, कारण आता ते काम इतक्या झटपट होऊ लागलं की दोन हात धरून ठेवण्याचा खटाटोप अनावश्यक ठरला.

हा सगळा प्रवास यशाचा, पण त्याने एक नवा वाद जन्माला घातला. निर्णय माणसाकडून एक्स्चेंजकडे, तिथून अर्धा फोनकडे गेला. मग तो चुकला तर जबाबदार कोण? १६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, आदेश काढला: १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कंपनीने ग्राहकाच्या खात्यात एक रुपया जमा करावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कॉल ग्राहकाकडच्या कारणांनीही तुटतो आणि त्याचा भुर्दंडही कंपनीवर टाकणं मनमानी आहे, हा त्यातला एक मुद्दा. कायद्याच्या दृष्टीने निकालावर मतभेद असू शकतात. पण तंत्राच्या इतिहासात त्याचा अर्थ सरळ आहे. ऑपरेटर बाई चॅनेल जोडत होती तेव्हा चूक कुणाची हे विचारावं लागत नव्हतं. आज एका कॉलमध्ये फोन, दोन टॉवर आणि एक एक्स्चेंज मिळून शेकडो वेळा मोजतात आणि ठरवतात. एखादा निर्णय चुकतो तेव्हा तो कुणाचा होता, हे नेमकं सांगणं त्या चौघांपैकी कुणालाही जमत नाही.